नऊ खळ्यांची पळी

गेरच्या दाराबाहेर पहाटे उभी राहते मी,
हातात लाकडी पळी. तिला नऊ खळ्या,
तीन ओळींत तीन-तीन.
नवऱ्याच्या आजोबांनी कोरलेली. एक खळी जरा तिरपी आहे,
तेव्हा म्हणे त्यांना शिंक आली होती.

पहिलं दूध आभाळाला. मग चहात. मग आपण.
कालपर्यंत यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

आज अनुदारी विचारते,
"आई, दूध एवढंसंच आहे ना?
मग वर का उडवतेस?
आभाळानंच तर बर्फ टाकलं."

सात वर्षांची आहे. पुढचे दोन दात पडलेत,
त्या फटीतून प्रश्न शीळ घालत येतो.

काय सांगू?
आभाळानंच टाकलं, खरं आहे.
आधी वितळलं, मग गोठलं,
गवतावर काचेचं झाकण बसलं
आणि मेंढ्या खुरांनी ठोकत राहिल्या,
बंद दुकानाचं दार ठोकावं तशा.
तीनशे बारा होत्या. आता एकेचाळीस.
पुरेवनं मेलेल्यांची रास टेकाडाआड रचली,
दारातून दिसू नये म्हणून.
कुत्रा रोज तिकडे जातो,
आम्ही त्याला हाक मारत नाही.

माझी आई म्हणायची,
कुरकुर केलीस तर उरलेलंही जाईल.
मी हे मुलीला देणार नाही.
भीतीला कृतज्ञता म्हणायला
मला नाही शिकवायचं.
जे होतं ते भल्यासाठीच, असंही नाही सांगणार.
दोनशे एकाहत्तर मेंढ्यांचं कुठलं भलं झालं?

म्हणून म्हणते, चल, मोज.
मेलेल्या नको, त्या बाबानं मोजल्यात.
ती हातमोज्यातली बोटं दुमडते:
एकेचाळीस मेंढ्या. एक गाय. चूल.
गोवऱ्या, अर्धा ढीग.
ट्रकवाले दाश्झेवेग काका,
न विचारता सात गठ्ठे गवत उतरवून
चहा न पिताच गेलेले,
कारण आमच्या हंड्यात त्यांनी डोकावलं होतं.
"काकांना धरायचं?"
धर.
"कुत्रा?"
धर.
"माझे दात?"
ते अजून यायचेत. यायचंय ते दुसऱ्या हातावर धर.

दुपारी एक मेंढी, जिचं कोकरू गेलं,
आणि एक कोकरू, ज्याची आई गेली,
दोघांना समोरासमोर बांधते.
तिचंच दूध त्याच्या पाठीला चोळते
आणि गुणगुणते, तोइग, तोइग, तोइग,
अर्थ नसलेला तो शब्द,
जो आमच्याकडे बायका शंभर पिढ्या गुणगुणत आल्या.
मेंढी लाथ मारते. कोकरू पडतं. उठतं.
"ती ऐकतच नाही."
ऐकतेय. कान बघ.
"आणि नाहीच ऐकलं तर?"
तर उद्या.
"उद्या पण नाही तर?"
माझा घसा बसला आहे, उत्तराला आवाज नाही.
मग तीच गुडघ्यांवर बसते,
फटीतून शीळ मिसळलेलं, बेसूर,
तोइग, तोइग.

तिसऱ्या दिवशी, ऊन कलल्यावर,
मेंढीनं कोकराला हुंगलं.
जवळ घेतलं नाही. लाथ मारली नाही.
एवढंच.
अनुदारीनं दुसऱ्या हाताचं एक बोट
सावकाश पहिल्या हातात घेतलं.

आज पहाटे म्हणाली, पळी मला दे.
टाचा उंच करून उडवलं तिनं दूध,
अर्ध्याहून अधिक माझ्याच बाहीवर.
तिरप्या खळीतला थेंब तेवढा अडकून राहिला.
तो तिनं बोटावर घेतला,
आत जाऊन कोकराच्या ओठाला लावला,
आणि माझ्याकडे पाहिलं:
"आभाळाला चालेल ना?"

मी वर बघितलं. पांढरं होतं.
त्याचा भरवसा अजून वाटत नाही मला.
चालेल, म्हटलं.
मग आम्ही चुलीशी बसलो.
चहा पातळ होता, खारट होता,
गरम होता.